विहीणबाईंच्या कानातली भुणभुण

आदरणीय विहीणबाई,

माझा नमस्कार घ्यावा, व्याह्यांनाही सांगावा. त्यांच्या गुडघ्याची चौकशी करते, पण उत्तर नको, कारण माझाही गुडघा तसलाच आहे आणि त्याच्याबद्दल नवीन ऐकण्यासारखं काही नसतं. इकडे आम्ही खुशाल आहोत. तुमची लेक दवाखान्यातल्या पाळ्या करून थकते, पण जेवते नीट. माझा मुलगा जेवतो नीट, थकत मात्र नाही, कारण गाद्यांच्या दुकानदाराच्या आजूबाजूला आडवं व्हायची सोय इतकी असते की थकवा फार वेळ टिकत नाही.

तुमचं पत्र परवा पोचलं. अक्षर मोत्यासारखं, मजकूर छडीसारखा. तुमची नोकरी सुटली पण शाळा काही सुटली नाही. (माझं मागचं पत्र तुम्ही लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलं होतं. हे पाठवू नका. मी अर्धी दुसरी शिकले आहे आणि उरलेल्या अर्ध्या दुसरीवाचून माझं आजवर काही अडलं नाही.) पहाटे पहाटे तुमच्या कानात भुणभुण व्हायची, आठवडाभर तुमची झोप उडाली होती, आणि मग कानाच्या डॉक्टरांनी थेंब दिले तशी ती थांबली, हे वाचून बरं वाटलं. डॉक्टर नशीबवान दिसतात. आम्ही भेट पाठवलेली गादी मऊ आहे, पण डाव्या कुशीवर वळलं की बरगडीला काहीतरी लागतं, असंही तुम्ही लिहिलंत. त्याबद्दल मी पुढे लिहिणार आहे. विसरले तर आठवण करा.

आता मुद्द्याचं. शाळेतून पुन्हा एकदा चिठ्ठी आली की पोरीला परीक्षेच्या वर्षभर तुमच्याकडे न्यायचं, असं आपलं सगळ्यांचं ठरलं होतं. चिठ्ठी आली. तुमच्या लेकीनं ती तुम्हाला लगेच कळवली (दुधाचा भाव वाढला ते मात्र तिनं मला चार दिवसांनी सांगितलं), आणि येत्या रविवारी तुम्ही नातीला न्यायला येणार आहात. वाढत्या वयात आठ-नऊ तास झोप हवी, सकाळी पोटभर खाल्लं पाहिजे, संध्याकाळनंतर कॉफी नको, निजायच्या आधी फोन दूर ठेवावा, असंही तुम्ही लिहून पाठवलंत. त्यातलं एकही वाक्य मला खोटं पाडता येत नाही, आणि मी प्रयत्न केला. पण हे सगळं आमच्याकडे आपोआप झालेलं असताना तुम्ही पोरीला का नेता, एवढंच माझं विचारणं आहे. कसं झालं ते सविस्तर सांगते. चहा घेऊन बसा.

पहिली चिठ्ठी आली तेव्हाचं तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे. गणिताच्या चाचणीत आपली नात पेपरावर गाल टेकून झोपली आणि उठली तेव्हा अर्धं गणित गालावर उमटलेलं होतं. (बाईंनी गालावरचे गुण दिले नाहीत.) मुख्याध्यापक बाईंनी पालकांना बोलावलं. तुमची लेक ड्यूटीवर, म्हणून मी आणि मुलगा गेलो. बाई गंभीरपणे सांगत होत्या की मुलगी हुशार आहे पण वर्गात पेंगते, आणि माझा मुलगा सगळा वेळ समोरचा बाक अंगठ्यानं दाबून पाहत होता. शेवटी म्हणाला, "बाक फार कडक आहेत हो तुमचे." आणि दुकानाचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

पोरगी आळशी नाही हो. आळशी असती तर झोपली नसती का घरी? सकाळी शाळा, शाळेनंतर हँडबॉलचा सराव, तिथून क्लास, क्लासहून नाटकाची तालीम, आणि घरी आल्यावर विज्ञानाचा तो प्रकल्प, ज्यात एका बरणीत काहीतरी कुजवत ठेवायचं असतं. (अजून कुजतंय. माझ्या पलंगाखाली.) खाण्याचं म्हणाल तर सकाळी कॉफी आणि दारातून पळणं. दुपारी पाकिटातले वेफर. संध्याकाळी मैत्रिणींबरोबर पुन्हा कॉफी. घरी आली की म्हणणार, भूक नाही. आणि सगळे निजले की नूडल्सची पुडी फोडून कोरडीच कुरतडणार, पाणी उकळायला ठेवलं तर आवाज होईल म्हणून. आम्ही दोघी एकाच खोलीत निजतो. मला आधी वाटायचं घरात उंदीर झालेत. पिंजरासुद्धा लावला होता.

आणि तो फोन. त्या फोनमध्ये तिच्या वर्गातल्या पोरांचा कट्टा आहे. अंथरुणं पडली की तिथे कोणीतरी लिहितं, माझे चार धडे झाले. दुसरा लिहितो, माझे पाच. मग आपली नात घाबरते, सहावा धडा उघडते आणि तो न वाचताच लिहिते, माझे सहा. सगळा वर्ग असा एकमेकांना जागं ठेवतो. पहारेकऱ्यांना निदान पगार मिळतो. भरीला तिनं पहाटेचा गजर लावलेला, तोही मुका, नुसता थरथरणारा, का तर आजीची झोपमोड नको. आजीची काळजी बघा किती. उशीखाली ते यंत्र गुरगुरायला लागलं की माझे दात वाटीतल्या पाण्यात थरथरत.

आधी मी खाण्याचं हाती घेतलं. रोज सकाळी उठून दोन अंडी, लोणी लावलेला पाव, केळं, एक पेलाभर दूध, असा डबा भरून तिच्या हातात द्यायला लागले. उभ्यानं खायला वेळ नाही तर वाटेत खा, म्हटलं. डबा रोज चाटून-पुसून रिकामा यायचा. मी मनात म्हटलं, बघा, विहीणबाईंना शिक्षण आहे पण पोरीनं ऐकलं कुणाचं? दोन महिने मी अशी फुशारकीत होते. मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं की पोरगी आहे तशी काटकुळी आणि आमचा सुईदोरा मात्र सुटत चाललाय. सुईदोरा म्हणजे खाली दुकानात गाद्या शिवतो तो. माणूस इतका बारीक होता की आडवा वळला तर शोधावा लागायचा, म्हणून मीच ते नाव ठेवलेलं. तो पट्टा सोडून नाडीवर आला तेव्हा मी त्याला धरला. तर म्हणाला, "आजी, ताईच रोज जिना उतरताना देते. नको कसं म्हणायचं? अन्न आहे." आणि वर मलाच सुचवलं की अंड्यावर मीठ जरा कमी पडतं.

हे आधी नीट ध्यानात घ्या, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ त्या अंड्यांत आहे. इतका भरपेट नाश्ता पोटात गेल्यावर सुईदोरा मशीनवर बसल्याबसल्या डुलक्या काढायला लागला होता. हात शिवायचे, माणूस झोपलेला. टाके मात्र सरळ. त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता आमच्या दुकानाचा एक नियम तुम्हाला सांगते. घरातल्या माणसानं पाठ टेकून पाहिल्याशिवाय आमची एकही गादी बाहेर जात नाही. सासऱ्यांच्या काळापासून ती पाठ माझी आहे. कुठे गाठ आहे, कुठे कापूस कमी भरलाय, मी डोळे मिटून सांगते. (डोळे मिटले की कधी कधी तासभर सांगतच नाही, पण ते कामात धरलं जातं.) म्हणजे घरात कुठलीही वस्तू लपवायची तर माझ्यासारखीला गादीच आठवणार, तुम्हाला जसं पुस्तकाचं कपाट आठवेल. तर डबा मी चालूच ठेवला, पण वर असंही ठरवलं की फोन एक रात्र काढून घ्यायचा आणि सकाळी द्यायचा. पोरगी अंघोळीला गेली होती. मी फोन उचलला. त्याला एक काळी वीट दोरीनं बांधलेली असते. फोनला भूक लागली की तो तिच्यातून खातो. (पोरगी उपाशी, फोन पोटभर जेवलेला.) म्हटलं मायलेकरांची ताटातूट नको, वीटही उचलली. खाली दुकानात निळ्या पट्ट्यांची एक गादी तीन बाजूंनी शिवून चौथी उघडी अशी पडली होती. दोन्ही वस्तू कापसात खोल सारल्या, वरून थोपटलं आणि वर येऊन निजले. पोरीनं घर डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, सकाळी मिळेल, नीज. नाइलाजानं ती निजली आणि अशी निजली की सकाळी तिला उठवायला मला तिच्या कानाशी पातेलं आपटावं लागलं.

उशीर झाला म्हणून ती फोन न मागताच शाळेला पळाली, आणि माझी दातांच्या डॉक्टरकडे वेळ होती. (दात वाटीत असले तरी डॉक्टरला दाखवावे लागतात. ते त्यांच्याकडे बघतात, मी पैसे देते, दात काही बोलत नाहीत.) परत आले तर सुईदोऱ्यानं डबा खाऊन, डुलकी काढत, चौथी बाजू शिवून टाकलेली. सगळ्या गाद्या निळ्या पट्ट्यांच्या, सगळ्या एकसारख्या, सगळ्या थप्पीला लागलेल्या. मी नव्हते म्हणून त्या दिवशी एकाही गादीला माझी पाठ लागली नव्हती.

पोरगी शाळेतून आली. मी काही लपवाछपवी केली नाही. सांगितलं, तुझा फोन गादीत आहे, कुठल्या ते देवाला माहीत आणि सुईदोऱ्याला माहीत नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगा म्हणाला, फोन लावा. लावला, पण तो मुका, नुसता थरथरणारा. मग ठरलं की एकेका गादीवर आडवं होऊन, कान लावून ऐकायचं. पोरीनं सुरुवात केली ती काचेच्या खिडकीत मांडलेल्या गादीपासून. तिथेच संपवलीही. कान टेकला, आणि तशीच, शाळेचा गणवेश, एका पायात बूट, तोंड उघडं, अशी भर दुपारी सगळ्या रस्त्यासमोर घोरायला लागली.

बाहेर माणसं थांबायला लागली. पहिल्यांदा दोन बायका, मग सायकलवाला, मग शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाला अर्धा साबण लावून सोडून आला. सगळे काचेला नाक लावून. कुणीतरी म्हणालं, "काय गादी असेल बघा!" झालं. आत येऊन लोक तीच गादी मागायला लागले. मी म्हटलं पोरीला उठवते, तर माझा मुलगा, तुमचा जावई, पोटचा बाप, माझ्यापुढे हात पसरून उभा! "आई, थांब जरा. गिऱ्हाईक आहे." संध्याकाळी मला म्हणतो कसा, रोज शाळेनंतर थोडा वेळ तिथेच पडत जाऊ दे, तिचीही झोप होईल. मी त्याला जे सांगितलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, तुम्ही लाल शाईची बाटली संपवाल.

पण विकलेल्या गाद्या तपासल्याशिवाय बाहेर जाऊ देता येईनात, म्हणून उरलेलं काम दुसऱ्या दिवशी मी घेतलं. मीही खिडकीतल्याच गादीवर आडवी झाले. मलाही जरा डोळा लागला. काचेबाहेर पुन्हा माणसं थांबली, पण आत कुणी येईना. बऱ्याच वेळानं एक गृहस्थ टोपी हातात घेऊन आत आले आणि हळू आवाजात मुलाला विचारलं, "केव्हा झालं?" तेव्हापासून मला खिडकीत निजायला बंदी आहे.

दुकानातली एकही गादी थरथरली नाही. फोन काही सापडला नाही.

आदल्या दिवशी पोरगी खिडकीत जागी झाली तेव्हा अंधारायला आलं होतं. माझ्याशेजारी गादीवर बसली, केसांत कापूस. मला वाटलं आता फोनसाठी रडेल. तर म्हणाली, "आजी, मी झोपले की बाकीचे पुढे जातात. रोज असंच वाटतं." मी विचारलं, "पुढे म्हणजे कुठे गं?" म्हणाली, "पुढे." मी म्हटलं, "उद्या सकाळी सगळे त्याच वर्गात, त्याच बाकांवर येऊन बसणार ना?" तिनं विचार केला. मग म्हणाली, "हो, पण ते बाक कडक आहेत." आणि हसायला लागली. किती दिवसांनी हसली ते मी काही मोजलं नाही, पण सुईदोरा मशीन थांबवून बघायला लागला. नंतर म्हणाली, भूक लागली. मी तिला अंडी करून दिली. तिनं स्वतः खाल्ली.

तेव्हापासून तीन आठवडे झाले. फोन नाही, म्हणून कट्टा नाही. कट्टा नाही, म्हणून कुणाचे किती धडे झाले कळत नाही, म्हणून ती आपलेच वाचते आणि निजते. नीट निजते म्हणून उठते. उठते म्हणून नाश्त्याला वेळ मिळतो. संध्याकाळची कॉफी सुटली, कारण कुठे भेटायचं ते मैत्रिणी फोनवर ठरवतात आणि हिला कळत नाही. नाटकातून तिनं आपणहून नाव काढलं. तिला एका झाडाचं काम होतं, झाडाशिवाय भागतंय. उंदीर गेले, पिंजरा माळ्यावर. नुकसान एकट्या सुईदोऱ्याचं. तो पुन्हा पट्ट्यावर आलाय आणि माझ्याशी बोलत नाही.

आता ती दुसरी चिठ्ठी. ती तुम्ही वाचली नाहीत, नुसती आल्याचं ऐकलंत. शाळेत वाचल्याशिवाय गुण देत होतात का? त्यात लिहिलंय की तुमची मुलगी वर्गात फार बडबड करते, मध्येच प्रश्न विचारते आणि शेजारच्या मुलींना पेंगू देत नाही. ही चिठ्ठी आहे खरी, पण झोपेची आहे का? पेंगण्याची तक्रार येईल तर नेऊ, असं ठरलं होतं. जागं राहण्याची येईल तर नेऊ, असं कुणी म्हणालं नव्हतं. तेव्हा रविवारी या, जेवून जा, मुक्कामाला राहिलात तरी गाद्या भरपूर आहेत. पण पोरीला नेऊ नका. ती यायला मुळीच तयार नाही. तुमच्या घरची शिस्त आठवली तरी तिला घाम फुटतो. मला तिच्यावाचून करमणार नाही असं काही समजू नका. खोली मोठी होईल, ती बरणीही जाईल. मी फक्त पोरीच्या बाजूनं बोलते आहे.

व्याह्यांना सांभाळा. माझ्यावर जेवढा लोभ आहे तेवढाच राहू द्या, एकदम वाढवू नका, मला संशय येतो.

तुमची विहीण

ता. क. गादीबद्दल लिहायचं राहिलंच. त्या दिवशी दुकानातून एक गादी आधीच गेली होती. टेम्पो सकाळीच येऊन उभा होता, आणि पाहुण्यांची गादी म्हणून मुलानं माझ्या पाठीची वाट न बघता थप्पीतली पहिली उचलून दिली. ती तुमची. डाव्या कुशीला लागतो तो फोन. जरा खाली लागत असेल तर ती वीट. भुणभुण तुमच्या कानात नव्हती, नातीचा पहाटेचा गजर होता. आणि ती थेंबांनी थांबली नाही, वीट रिकामी झाली म्हणून थांबली. थेंब बंद केलेत तरी चालेल. डॉक्टरांना सांगू नका, त्यांचा कशाला हिरमोड करायचा? पण घरात फोन असला की माणसाची झोप उडते, हे तुमचं म्हणणं मला तंतोतंत पटलं.

ता. क. दुसरा. तुमचं पत्र मला पोरीनंच वाचून दाखवलं, माझा चष्मा सापडत नव्हता. भुणभुणीपाशी ती थांबली. पुन्हा वाचलं. मग बरगडीपाशी थांबली. मग पत्राची घडी घालून मला म्हणाली, "आजी, मी विचार केला. परीक्षेच्या वर्षी दुसऱ्या आजीची शिस्तच बरी." वर लिहिलंय ना, ती यायला मुळीच तयार नाही म्हणून? ते परवापर्यंतचं. आता एका पायावर तयार आहे. बॅग भरून दारात ठेवली आहे. मी आपली चष्मा शोधत राहिले. तिला वाटतंय मला कळलं नाही.

ता. क. तिसरा. तेव्हा एवढंच करा. डाव्या बाजूची शिवण उसवा, फोन काढा आणि व्याह्यांच्या औषधांच्या कपाटात कुलूप लावून ठेवा. परीक्षा झाली की द्या. मग तिला फोन करून सांगा (तिच्या आईच्या नंबरवर), की गादी उसवली, जे निघालं ते कुलपात आहे. आणि मग रविवारी या आणि विचारा, येतेस का. नाही म्हणाली तर जेवून जा. तरीही येते म्हणाली, तर तिची बॅग मी स्वतः जिना उतरवून देईन आणि अंड्यांचा डबाही. मला वरून हात हलवत उभं राहायला जमणार नाही, खाली बऱ्याच गाद्या तपासायच्या राहिल्यात.

ता. क. शेवटचा. हे पत्र पोस्टात टाकायला तिच्याच हातात द्यावं लागतंय, माझा गुडघा तिथवर जात नाही. म्हणून पाकीट डिंकानं न चिकटवता गादीच्या दोऱ्यानं दुहेरी शिवलं आहे. उघडायला कात्री लागेल. हातात घेतलीच आहे, तर तशाच गादीपाशी जा.